मोहाखालची घाणेरी

सून नर्सरीतून पिवळ्या-गुलाबी फुलांची कुंडी घेऊन आली. सहज एक पान चुरलं आणि तो उग्र वास नाकात शिरला. घाणेरीच ती.

सत्तर-बहात्तर साल असेल, लग्नानंतरचा माझा पहिलाच फाल्गुन. सासर उमरेडजवळ, आणि रानात आमच्या घराचं मोहाचं एक झाड होतं. फुलं गळायच्या आधी सासूबाई त्याच्याखालचा पाचोळा जाळत, म्हणजे साफ जमिनीवरून फुलं वेचता येत. आग पाचोळ्यापुरती असायची, आपोआप विझायची. मोहाच्या जाड सालीला काही होत नसे.

पण मागल्या काही वर्षांत रानात घाणेरी माजली होती, त्या वर्षी तर थेट मोहाच्या फांद्यांना भिडलेली. मला तर तिची फुलं आवडायची. सासूबाईंनी नेहमीसारखी काडी लावली. आग घाणेरीत शिरली, तडतडत वर चढली आणि कळ्यांनी लदलेला मोह पेटला. आम्ही पळसाच्या डहाळ्यांनी झोडपत राहिलो. भाजलेल्या कळ्यांचा गोड वास सुटला होता.

"आग तं खालूनच जाते वं," सासूबाई मला विचारत होत्या, "आज वर काहून गेली?"

मोह वाळला; पावसाळ्यानंतर त्या काळ्या खोडाभोवती घाणेरीच पुन्हा फुटली. पुढच्या चैत्रात सासूबाई सवयीनं पहाटे उठल्या, फुलं वेचायची टोपली घेतली आणि उंबऱ्यातच बसून राहिल्या.

"छान आहे नं आई?" सून म्हणाली. "पाणी नाही दिलं तरी वाढते म्हणे."

"वाढते वं," मी म्हटलं.