कस्टमकाकांचा नकार

कस्टमकाकांच्या हातात कुठलाही कागद दिला की ते आधी तो उलटा करत. मागची बाजू वाचून झाल्यावर पुढची. लग्नपत्रिका असो, औषधाच्या खोक्यातली घडी असो की सोसायटीची नोटीस. "पुढे काय देणार ते लिहिलेलं असतं," ते म्हणायचे, "आणि काय काढून घेणार ते मागे, बारीक अक्षरात."

वर्तकनगरच्या आमच्या वसाहतीत बऱ्याच जणांना वाटे की ते कस्टममधले मोठे साहेब. नव्या भाडेकरूंना ते स्वतःच दुरुस्त करत. "साहेब कसला हो! साहेबाच्या खिडकीसमोर उभा राहणारा." माजिवड्याला एका क्लिअरिंग एजंटचं ऑफिस होतं, तिथे ते होते. बंदरातून येणाऱ्या-जाणाऱ्या मालाचे कागद करायचे, एवढंच आमचं काम. बी.कॉम. झाल्यावर मला तिथे त्यांनीच चिकटवलं. एकोणीस वर्षं माझं टेबल त्यांच्या टेबलाला लागून होतं. मधे ते निवृत्त झाले, पण मालकांनी सोडलं नाही आणि त्यांनाही घरी बसायचं नव्हतं.

'होईल' हा शब्द त्यांनी कधी नुसता वापरला नाही. "कागद पूर्ण असेल, तर होईल." कोलशेतचे एक कारखानदार परदेशातून यंत्राचे भाग मागवत. एकदा त्यांना ते भाग कमी जकातीच्या नावाखाली दाखवायचे होते. "काका, जरा डोळेझाक करा ना आमच्यासाठी," ते म्हणाले. काका शांतपणे म्हणाले, "मी करीन हो. पण खिडकीपलीकडच्याचे डोळे उघडे असतात, आणि तुमचं नाव कागदावर माझ्या अक्षरात असतं." गृहस्थ चिडून निघून गेले. चार महिन्यांनी परत आमच्याकडेच आले.

कल्याणच्या सविताताई आमच्या जुन्या गिऱ्हाईक. चाळीतल्या दोन खोल्यांत शिलाई मशिनं घालून त्यांनी कापडी पिशव्या शिवायला सुरुवात केली होती. पुढे त्यांच्या हाताखाली वीस बाया आल्या आणि पिशव्या अमेरिकेला जाऊ लागल्या. त्यांचा एक कंटेनर बोटीवर असतानाच तिथल्या सरकारने आपल्या मालावरची जकात एकदम वाढवली. बातमी ऐकून सविताताई तडक ऑफिसात आल्या. पाणीसुद्धा घेतलं नाही.

"काका, माझं काय चुकलं ते तरी सांगा."

काकांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "काही नाही चुकलं, सविताताई. तेच तर वाईट आहे. चुकलं असतं तर दुरुस्त केलं असतं."

मग दोन दिवस ते त्या हुकुमाच्या मागे लागले. ठरलेल्या तारखेच्या आधी बोटीवर चढलेल्या मालाला जुनाच दर, असं एक कलम त्यांनी शोधून काढलं आणि तेवढा कंटेनर सुटला. पुढच्या ऑर्डरी मात्र थांबल्या. वीस मशिनांतली सहा उरली. दिल्ली आणि वॉशिंग्टनची बोलणी चालू आहेत, असं रोज पेपरात यायचं. सविताताई फोन करून विचारायच्या, "काही कळलं का?" काका प्रत्येक वेळी पेपर खरंच पुन्हा वाचून उत्तर द्यायचे.

दुसऱ्यांच्या अशा अडकलेल्या मालासाठी जिवाचं रान करणाऱ्या या माणसाची मुलगीच अडकली होती.

केतकी त्यांची एकुलती एक. शिकायला अमेरिकेला गेली, नोकरीला लागली, नितीनशी लग्न केलं. त्यांची मुलगी मीरा तिथेच जन्मली. केतकीचा ग्रीन कार्डाचा अर्ज मंजूर होऊन वर्षं लोटली होती, पण मंजूर होणं आणि मिळणं यांच्यामध्ये एक रांग असते. ती रांग माणूस कुठे जन्मला त्यावर ठरते, आणि आपल्या देशाची सर्वांत लांब. कुठल्या तारखेपर्यंतच्या अर्जांचा नंबर आला आहे, याचा तक्ता दर महिन्याला निघतो. काका तो उघडून आजाऱ्याचा ताप सांगावा तसं मला सांगत, "आठ दिवस पुढे सरकली." कधी म्हणत, "मागे गेली."

"तारीख मागे कशी जाईल, काका?"

"तिथे जाते," ते म्हणत आणि कामाला लागत.

नोकरीच्या व्हिसावर केतकीला तिथे राहायला अडचण नव्हती. पण एकदा देशाबाहेर पडली की परत शिरायला पासपोर्टवर व्हिसाचा नवा शिक्का हवा, आणि तो इथल्या वकिलातीत येऊन घ्यायचा. पूर्वी ते काम दोन-तीन आठवड्यांत व्हायचं. अलीकडे दिलेल्या तारखा रद्द होऊन कित्येक महिने पुढे जाऊ लागल्या होत्या. आमच्याच वसाहतीतला एक जण बहिणीच्या लग्नाला आला आणि इथेच अडकला. नोकरी गेली, तिकडचं सामान मित्रांनी विकलं. केतकी पाच वर्षं आली नव्हती.

अशात नलिनीकाकूंचं दुखणं निघालं. यकृताचा कर्करोग, तोही पुढे गेलेला. डॉक्टरांनी काकांना बाहेर बोलावून दोन-तीन महिने म्हटलं.

केतकीला फोन काकांनी ऑफिसातून लावला, स्पीकरवर. घरून लावला असता तर काकूंना ऐकू गेलं असतं. मी शेजारच्या टेबलावर होते. उठून जावं की नको, हे मला कळेना.

"बाबा, तिकीट बघितलंय मी. गुरुवारी निघते," केतकी म्हणाली.

"आणि परत?"

"मिळेल हो काहीतरी अपॉइंटमेंट."

"मिळेल काहीतरी म्हणजे काय?" काकांच्या पुढ्यात कागद होते. बोलताना ते एकेक बाजूला सारत होते. "इथे सहा महिने अडकलीस तर नोकरी राहील? नितीनचा व्हिसा तुझ्या व्हिसावर आहे. तुझी नोकरी गेली की त्यालाही निघावं लागेल. मीराची शाळा, तिचं ते दम्याचं औषध, घर... केतकी, ऐक माझं. येऊ नकोस."

ती म्हणाली, "बरं, बाबा."

काकांनी फोन ठेवला. माझ्याकडे न बघता विचारलं, "तू काय केलं असतंस, सुजाता?"

"मी आले असते," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली आणि पुढची फाइल ओढली. ते वाक्य मी तेव्हा गिळायला हवं होतं. आजही मला ते खुपतं.

काकूंना त्यांनी सांगितलं की केतकीला रजा मिळत नाही. काकू रोज सकाळी व्हिडिओवर लेकीशी बोलायच्या. हळूहळू ते बोलणं तुटक होऊ लागलं. जेवलीस का, मीरा काय म्हणते, बरं ठेवते. एकदा मी त्यांचे केस विंचरत होते, तर म्हणाल्या, "आईपेक्षा मोठं काय काम असतं गं माणसाला?" काका तिथेच चादरीची घडी घालत होते. एकदा झालेली घडी त्यांनी मोडली आणि परत घालायला घेतली.

पंधराएक दिवस त्यांनी हे सोसलं. एका दुपारी मी काकूंसाठी पेज घेऊन गेले तेव्हा ते पलंगाच्या कडेला बसले होते. मी दारातच थांबले.

"नलिनी, ती येत होती. तिकीट काढत होती. मीच नको म्हटलं."

त्यांनी शिक्का, तारखा, नितीनचा व्हिसा, सगळं सांगितलं. काकूंनी डोळे मिटून ऐकून घेतलं. मला वाटलं झोप लागली. मग त्या बोलल्या.

"मीही नकोच म्हटलं असतं. पण ते मला म्हणू द्यायचं होतं हो. तिला द्यायला माझ्याकडे तेवढं एकच उरलं होतं."

काकांनी उठून पेजेची वाटी माझ्या हातातून घेतली आणि पहिला चमचा फुंकून काकूंच्या ओठांशी धरला.

त्याच संध्याकाळी काकूंनी आपण होऊन केतकीला फोन लावायला सांगितला आणि आम्हा दोघांना बाहेर घालवलं. दार लावून मायलेकी तासभर बोलल्या. काय बोलल्या ते कुणाला कळलं नाही. पण दुसऱ्या दिवसापासून सकाळच्या फोनवर हसणं ऐकू येऊ लागलं. त्यानंतर काकू बारा दिवस होत्या.

स्मशानात फोन मी धरला होता. केतकी पडद्यावर होती, तिच्याकडे अजून उजाडायचं होतं. ती रडली नाही. एवढंच म्हणाली, "ताई, जरा जवळ जा ना."

दोन-तीन महिन्यांनी काकांनी ठरवलं की आपणच जायचं. पाहुण्याचा व्हिसा, सहा आठवड्यांसाठी. फाइल अशी केली होती की आमच्या ऑफिसात शिकवायला ठेवावी. वकिलातीच्या फाटकापर्यंत मी सोबत गेले. आत त्यांना दोन मिनिटंही लागली नाहीत. बाहेर आले ते हातात एक छापील चिठ्ठी घेऊन.

"फाइल उघडलीच नाही त्याने. भारतात घरी कोण असतं, विचारलं. मी म्हटलं, कुणी नाही. मुलं? एक मुलगी, तुमच्याकडे." ते रस्त्याकडे बघत होते. "नलिनी होती तोवर मला परत यायला कारण होतं. आता नाही, असं त्यांचं म्हणणं."

टॅक्सीत बसल्यावर ते म्हणाले, "खोटं तरी काय आहे त्यात?"

त्यानंतर त्यांनी ऑफिसला येणं सोडलं. मी डबा घेऊन गेले की ते खिडकीशी खुर्चीत बसलेले असत. पेपर घडीसकट पडलेला. एकदा म्हणाले, "तिला तिथून निघता येत नाही, मला तिथे शिरता येत नाही. एकाच भिंतीच्या दोन बाजूंना बसलोय आम्ही." महिन्याचा तक्तासुद्धा त्यांनी उघडायचा बंद केला. तो मीच बघायचे आणि काही बोलायचे नाही.

मग एका रविवारी सकाळीच त्यांचा फोन. "वर ये, एक वाचून बघ."

अमेरिकेच्या नियमांत त्यांना एक कलम सापडलं होतं. शिक्क्याची मुदत संपलेली असली, तरी शेजारच्या कॅनडात जाऊन तीस दिवसांच्या आत परतणाऱ्याला आत घेता येतं. तिथे असताना नव्या शिक्क्यासाठी अर्ज मात्र करायचा नाही. शेवटचा शब्द सीमेवरच्या अधिकाऱ्याचा. म्हणजे केतकीने तिकडून कॅनडात यायचं आणि काकांनी इकडून.

"मग सांगा ना तिला! वाट कसली बघताय?"

"सांगणार. पण 'ये' म्हणणार नाही." त्यांनी लिहिलेलं पत्र माझ्यापुढे सरकवलं. कलम, अटी, काय काय बिघडू शकतं ते सगळं क्रमवार. शेवटी दोन ओळी. 'मागच्या वेळी मी ठरवलं. या वेळी तू ठरव. नाही म्हणालीस तरी मला वाईट वाटणार नाही.'

तीन आठवडे उत्तर नव्हतं. काका फोनवर मीराच्या शाळेविषयी बोलायचे, पत्राचा विषय काढायचे नाहीत. मग केतकीचा निरोप आला. 'बाबा, कॅनडाचा फॉर्म भरतोय. तुम्हीही भरा.'

तो व्हिसा काकांना मिळाला. कॅनडाचा का मिळाला आणि अमेरिकेचा का नाही, हे त्यांनी विचारलं नाही. सोळा दिवसांसाठी गेले.

परत आले तेव्हा विमानतळावर मी गाडी घेऊन गेले होते. गालावर थोडं मांस चढलं होतं. सीमेजवळच्या एका गावात त्यांनी दोन खोल्यांचं घर भाड्याने घेतलं होतं. मीरा आजोबांना पत्त्यात हरवायची. केतकीने रोज काही ना काही रांधलं. निघायच्या दिवशी तिघांची गाडी पुलावरून पलीकडे गेली आणि काका अलीकडे एका बाकावर फोन हातात धरून बसले. 'आत आलो' एवढा निरोप यायला दोन तास लागले. "ते दोन तास मी फक्त समोरच्या पुलाकडे बघत होतो," ते म्हणाले.

मुलुंडच्या पुढे आल्यावर त्यांनी मान मागे टेकली. मला वाटलं प्रवासाचा शीण. मग आपणहून बोलू लागले.

"चौथ्या दिवशी मी विषय काढला. म्हटलं, केतकी, तुला आईजवळ येऊ दिलं नाही, त्याची मला माफी मागायचीय. तर ती काय म्हणाली असेल?"

"काय?"

"म्हणाली, बाबा, तुम्ही कशाला मनाला लावून घेता? आईने मला तेव्हाच सांगितलं होतं. म्हणाली, 'मीच बाबांना नको म्हणायला लावलं, त्यांच्यावर रागावू नकोस, ते माझ्यामुळे बोलले.'"

माझा पाय ब्रेकवर गेला. काकूंना त्या दुपारी कळेपर्यंत काहीच माहीत नव्हतं. मी दारात उभी होते.

"मग? खरं सांगितलंत तुम्ही?"

माजिवड्याचा पूल आला, गेला.

"नाही," ते म्हणाले. "ते नलिनीने तिला दिलंय. मी कोण ते परत घेणारा?"