नऊ गज, नऊ अंगठे

तमाम लुगडी नेसणाऱ्या व धोतरं फाडणाऱ्या जनतेस अत्यंत गांभीर्यानं कळविण्यात येतं की, चिखलीतल्या आमच्या कापड दुकानावर माडी चढणार असून तीवर फक्त साड्याच साड्या राहतील.

ही दवंडी मीच दिली होती, भर दुकानात पितळी परात बडवत. मी तेव्हा बाविशीत होतो. माडीचं मला फारसं वेड नव्हतं. मला वेड होतं ते काकांचं. वडील आणि काका पंधरा वर्षं एकाच गादीवर बसले. काकांना साड्यांचा वेगळा विभाग हवा होता आणि खाली कापडाची थानं ठेवायलाच जागा पुरत नव्हती. खामगावात एकानं त्यांच्यासाठी दुकानाची जागा राखून ठेवली होती, दसऱ्यापर्यंत. "माडी झाली तं मी कायले जातो?" काका म्हणायचे.

म्हणून वडिलांनी स्वतः दुकानाची रुंदी मोजली, कापड मोजायच्या लोखंडी गजानं. मी खडूनं खुणा केल्या. नऊ गज भरले. दोन्हीकडे भिंतीत वीतभर जातील अशा हिशेबानं गर्डर मागवले. लोखंड तेव्हा परमिटवर मिळायचं. ते आल्यावर आईनं त्यांना हळदकुंकू वाहिलं, काकांनी हार घातले. "आपले जावईसुद्धा एवढ्या थाटात आले नव्हते," मी म्हणालो.

मग नगरपालिकेचे इंजिनियर तपासणीला आले. चहा नको म्हणाले, तिथंच माझं मन चरकलं. त्यांनी टेप लावून रुंदी दोनदा घेतली. गर्डरही मोजला.

"दुकान कोणी मोजलं?"

"म्या," वडील म्हणाले.

"कसं, ते दाखवा."

वडिलांनी फरशीवर गज ठेवला, त्याच्या टोकाला अंगठा टेकवला आणि अंगठ्याच्या पलीकडून दुसरा गज सुरू केला.

"मधे अंगठा कशाला?"

"गजामागं गिऱ्हाईकाले थोडं जास्तीचंच द्या लागते, सायेब."

"भिंत कुठं गिऱ्हाईक आहे, मालक?"

सगळ्यांत आधी हसलो तो मी. नऊ गजांत नऊ अंगठे. दुकान कागदावरच्यापेक्षा वीतभर रुंद निघालं. गर्डर दोन्ही भिंतींवर चार-चार बोटं टेकणार होता. "यावर माणसं चढवता येणार नाहीत," इंजिनियर म्हणाले आणि मंजुरी नाकारून गेले. दुसरं परमिट कधी मिळेल, हे कचेरीत कोणी सांगेना.

लग्नाकार्यात हा किस्सा मी अंगठ्यासकट करून दाखवतो. लोक लोळतात. भिंतीच्या गिऱ्हाइकापाशी मी थांबतो. खडू माझ्या हातात होता, नऊही वेळा मी तो अंगठा पाहिला होता आणि मला तो बरोबरच वाटला होता, हे तिथं सांगत नाही.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी काकांचं सामान जीपमध्ये चढलं. वडील त्यांच्या नव्या गादीसाठी पांढरं कापड मोजत होते. गज, अंगठा. गज, अंगठा. तिसऱ्या गजाला अंगठ्याच्या जागी अख्खा पंजा आला. चौथ्यालाही. दुकानात गिऱ्हाइकं होती. काका वहाणा घालून उंबऱ्यात उभे होते. एकदम सगळ्यांसमोर मोठ्यानं म्हणाले,

"दादा, आता तं बरोबर मोज. त्या गादीवर मी एकटाच बसणार हाओ."