बारशेवाले सर

"हे चालतं का?" असं आमच्या सरांनी मला कधी विचारल्याचं आठवत नाही. ते खुर्चीमागे येऊन उभे राहायचे, चष्मा कपाळावर सरकवायचे आणि म्हणायचे, "ह्याचं नाव काय ठेवलं?" कोड धावत असो, अडखळत असो, नाहीतर अख्खं मशीन बंद पाडत असो, पहिला प्रश्न नावाचा. ऑफिसात सगळे त्यांना 'बारशेवाले सर' म्हणायचे. त्यांना ते ठाऊक होतं, आणि आवडतही होतं, पण दाखवायचे नाहीत.

लोहाऱ्याला एमआयडीसीत आमचा लहानसा कारखाना आहे. शेतातल्या मोटरपंपासाठी आम्ही एक पेटी बनवतो. मोबाईलवरून हुकूम आला की ती तिला जोडलेल्या दोन-तीन मोटरींपैकी हवी ती चालू करते, बंद करते. पेटीतल्या चिपमध्ये जो प्रोग्राम असतो तो लिहिणारे आम्ही चार-पाच जण, आणि आमच्या डोक्यावर सर. रोज नेरहून एसटीने यायचे. प्रोग्राम म्हणजे लहान लहान तुकड्यांचा संसार. एक तुकडा मेसेजमधली फालतू मोकळी जागा काढतो, एक दोन नावं सारखी आहेत का ते पाहतो, एक लांब वाक्य कापतो. या तुकड्यांना आम्ही फंक्शन म्हणतो आणि प्रत्येकाला काहीतरी नाव द्यावंच लागतं. बाकीच्या जगात ते घाईघाईत दिलं जातं. आमच्याकडे तसं चालत नसे.

पहिल्याच आठवड्यात मी एका फंक्शनला 'मदत२' असं नाव देऊन मोकळी झाले. सर मागे आले. "कोनाले मदत? कायची मदत? अन ही दोन नंबरची हाय, तं पहिली कुठी गेली?" मी आधीच तापट. नागपुरात शिकून आलेली, त्यामुळे शिंगं जरा जास्तच फुटलेली. म्हटलं, सर, पहिली माझ्या डोक्यात आहे. ते शांतपणे म्हणाले, "तुह्या डोक्यात हाय, मान्य. पन तू सुटीवर गेली तं डोकं टेबलावर ठेवून जाशील का?" सगळे हसले. त्या दुपारी मी त्यांच्याशी चकार शब्द बोलले नाही, आणि त्यांना त्याचा पत्ताही लागला नाही.

बारसं चार वाजता, चहाच्या वेळी व्हायचं. ज्यांनी फंक्शन लिहिलं त्यांनी फुटाणे आणायचे. नियम एकच, पण कडक. सर म्हणायचे, "आई नाव ठेवत नाई, आत्या ठेवते." म्हणजे ज्याने लिहिलं त्याने गप्प बसायचं. दुसऱ्या कोणीतरी ते फंक्शन वाचायचं, ते काय घेतं, काय देतं, काय बिघडवतं हे मोठ्याने सांगायचं आणि मग नाव सुचवायचं. आत्याला सांगता आलं नाही तर दोष आत्याचा नाही. फंक्शन परत आईकडे. एकदा माझं एक फंक्शन तीन आत्या वाचून गेल्या आणि तिघींनी तीन वेगवेगळ्या गोष्टी सांगितल्या. त्या आत्यांमध्ये दोन मिशीवाले होते हे सोडा. मी चिडून म्हटलं, "ह्यांना वाचता येत नाही." सरांनी फुटाणे तोंडात टाकले आणि म्हणाले, "तिघायलेही?"

स्ट्रिंग म्हणजे अक्षरांची माळ, हे त्यांचं आवडतं वाक्य. "माळेच्या शेवटी गाठ पाह्यजे. गाठ नसली तं मनी सांडतेत, अन शेजाऱ्याच्या घरात जातेत." गाठ म्हणजे माळ इथे संपली ही खूण. तसंच ते मूळ माळ तोडणाऱ्या फंक्शनला आणि नवी माळ बनवून देणाऱ्याला कधी एका वळणाचं नाव ठेवू देत नसत. ज्याच्यापासून धोका आहे त्याच्या नावातच तो धोका दिसला पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे आमच्याकडची नावं लांबलचक असत, 'मूळ_न_बिघडवता_काप' अशा थाटाची. बाहेरचं कोणी पाहायला आलं की हसायचं. हसू दे, म्हणायचे.

आणि असलेलं वापरायचं, हा दुसरा हट्ट. मी येण्यापूर्वी मोकळी जागा काढणारी फंक्शन चौघांनी चार लिहून ठेवली होती आणि प्रत्येकाची तऱ्हा निराळी. सरांनी ती एकात आणली. नवं लिहायला घेतलं की विचारायचे, "आपल्या घरात पाह्यलं का आधी? कायले उगाच दुसरी चूल मांडून राह्यली?" आम्ही मुकाट्याने जुन्यांत शोधायचो. बहुतेक वेळा सापडायचं, तेव्हा मान खाली घालावी लागायची.

मग ती गोष्ट झाली. हरभऱ्याला पाणी द्यायचे दिवस होते. आमच्यातल्या एकाचं लग्न होतं, सगळे तिकडे गेलेले, आणि सर एकटेच ऑफिसात. पेटीवरचा पडदा इवलासा, मोटरचं लांब नाव त्यावर मावत नव्हतं. सरांनी नाव कापून पडद्यात बसवणारं फंक्शन लिहिलं. आत्या नव्हती. त्यांनी स्वतःच नाव ठेवलं, 'नाव_नीट'. पुढच्या आठवड्यात आमच्या प्रशांतला मोबाईलवरून आलेलं मोटरचं नाव ताडून पाहायचं होतं. सरांच्या शिकवणीप्रमाणे त्याने आधी घरात शोधलं. 'नाव_नीट' दिसलं, त्या नावात कापाकापीचा मागमूस नव्हता. सरांचंच आहे म्हटल्यावर त्याने डोळे झाकून उचललं, आणि तो प्रोग्राम नव्या पेट्यांतून वावरांत गेला.

आता आपल्याकडे मोटरला नाव कसं देतात? आधी वावर, मग मोटर. 'नाल्याकडच्या वावरातली विहिरीची मोटर' आणि 'नाल्याकडच्या वावरातली बोरची मोटर'. फरक शेवटाला, आणि शेवट तर कापलेला. पेटीला दोन्ही मोटरी एकच वाटू लागल्या, आणि पहिली सापडेल तीच चालू करू लागली. बाभुळगावकडे एक मेकॅनिक विहिरीची मोटर दुरुस्त करत होता. घरून कोणीतरी बोरची मोटर चालू करायला सांगितली आणि विहिरीची फिरली. मेकॅनिक पाना आणायला नुकताच उठला होता, म्हणून वाचला. मोटरीवर ठेवलेल्या त्याच्या दुपट्ट्याच्या चिंध्या झाल्या.

फोन आला तेव्हा सरांनी कोड उघडला, पाच मिनिटं पाहिला आणि म्हणाले, "माह्याच घरी मोटरीले असंच म्हनतेत. अन मले सुचलं नाई." प्रशांत रडकुंडीला आला होता. त्याला म्हणाले, "तू सांगितल्यासारखंच केलं. तुह्यं काई चुकलं नाई." चूक तिथल्या तिथे सुधारली आणि मला बोलावून विचारलं, "आत्या, नाव सांग." मी म्हटलं, 'पडद्यापुरतं_नाव_तोड'. त्यांनी ते लिहिलं.

पण दुरुस्ती आमच्या टेबलावर होती आणि पेट्या वावरावावरांत. नवा प्रोग्राम टाकायला प्रत्येक ठिकाणी माणूस पाठवावा लागणार. मालक म्हणाला, सर्व्हिसिंगच्या नावाखाली पोरं हळूहळू फिरतील, बोभाटा नको. मालक काही वाईट माणूस नव्हता, सरांबरोबर शाळेत शिकलेला. कारखाना बुडेल याची त्याला भीती होती, आणि ती खोटीही नव्हती.

"अन तवरक?" सरांनी विचारलं.

"तवरक देव हाय."

"देवाले आपला कोड वाचता येत नाई बापा. मी सगळ्यायले फोन लावतो. मोबाईलवरून मोटर चालू करू नोका म्हनून सांगतो."

"लावला फोन, तं उद्यापासून येऊ नोको तू."

सर आपल्या जागेवर आले आणि फोन लावायला बसले. आईशप्पथ सांगते, इतका राग मला कधी आला नव्हता, आणि नक्की कोणाचा तेही कळत नव्हतं. मी खुर्ची ओढून त्यांच्या शेजारी बसले आणि अर्धे नंबर घेतले. प्रत्येकाला ते तेच सांगत होते, "पेटीत चूक हाय, चूक माही हाय. आमचा मानूस येईपर्यंत हातानं बटन दाबा." काहींनी शिव्या घातल्या. त्यांनी त्या ऐकून घेतल्या आणि पुढचा नंबर लावला.

दुपार कलताना दारव्ह्याकडच्या एका बाईंना फोन लागला. सरांनी आवाज मोठा ठेवला होता, म्हणून मलाही ऐकू आलं. "अवो, मी आताच बोरची मोटर चालू करून राह्यली होती. धनी विहिरीवर दुसरी मोटर खोलून बसले हायत." सर ताडकन उभे राहिले. "बाई, कशालेच हात लावू नोका. पयले विहिरीवर जा, मेन लाइन बंद करा. मी फोन धरून हाय." बाई धावल्याचं ऐकू आलं. मग नुसता वारा. मग लांबून त्यांचा आवाज, "केली बंद!" सर खाली बसले, माझ्या बाटलीतलं पाणी प्याले आणि पुढचा नंबर लावला.

दुसऱ्या दिवसापासून ते आले नाहीत. मालकाने दिलेला शब्द पाळला, सरांनीही पाळला. त्यांची खुर्ची महिनाभर कोणी ओढली नाही. पेट्यांत मात्र आम्ही सगळीकडे नवा प्रोग्राम टाकला. मला त्यांची फार आठवण यायची, आणि अजूनही येते.

तुरीच्या शेंगा भरल्या होत्या तेव्हा एका दुपारी एक जोडपं फाटकाशी आलं. बाईंच्या हातात ओल्या शेंगांची पिशवी. "फोन करनारे सर कोन? आमी दारव्ह्याकडून आलो." सर आता इथे नाहीत, नेरला असतात, असं मी सांगितलं. बाईंचा चेहरा उतरला. मी म्हटलं, थांबा, आणि सरांना फोन लावला.

"सर, दारव्ह्याकडून एक बाई आल्या आहेत. पेटीवाल्या."

"काहून? काय बिघडलं?"

"काही नाही बिघडलं. तुम्हाला भेटायचं म्हणतात."

"मले? कायले?"

मी फोन बाईंच्या हातात दिला. त्यांनी फोनमध्ये म्हटलं, "धरा, धनी बोलतेत." त्यांनी तो नवऱ्याकडे दिला. त्याने पिशवी खाली ठेवली, दोन्ही हातांनी फोन धरला आणि म्हणाला, "सर, मी बोलून राह्यलो. विहिरीवरचा."