चालत्या पँटीमागे मामा

आमचा मामा शिंपी. जिन्याखालच्या खोलीत त्याचं दुकान, आणि तिथून तो हलायचा तो फक्त जेवायला. मशीनला मोटर बसवल्यापासून तर त्याचे पाय सेवानिवृत्तच झाले. व्हायचं तेच झालं. घोटे सुजले, गुडघे कुरकुरायला लागले. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, “रोज चाला. नाहीतर हे बसून शिवणं बंद करावं लागेल.”

मामाच्या तोंडचं पाणी पळालं. शिवणं सुटलं तर हा माणूस झुरून जाईल, हे आम्हा सगळ्यांना कळत होतं. भीतीपोटी चार दिवस तो एरंडेल प्यायल्यासारखं तोंड करून चालला. मग एके दिवशी कोपऱ्यावरच्या न्हाव्याच्या खुर्चीत आरामात पेपर वाचताना सापडला. मामीने कानीकपाळी ओरडून पाहिलं, रडून पाहिलं, अबोला धरून पाहिला. अबोल्याने तर त्याला कामाला जास्तच शांतता मिळाली.

शेवटी एका सकाळी तिने त्याला जवळजवळ ढकलूनच बाहेर काढलं. मापाची टेप गळ्यात तशीच. पुढे एक गृहस्थ ताडताड चालले होते आणि त्यांच्या अंगात मामाने शिवलेली पँट होती! दुकानात पँट एकतर हँगरवर असते, नाहीतर गिऱ्हाईक तिच्यात पोट आत ओढून आरशासमोर उभं असतं. पँट चालताना कशी दिसते, हे मामाने कधी निवांत पाहिलंच नव्हतं. तो देहभान विसरून मागे निघाला. पूल गेला, बाग गेली, याला पत्ता नाही. सिग्नलला गृहस्थ थांबले, तेव्हा डाव्या पायाची शिवण जराशी फिरलेली दिसली. सवयीने मामा वाकला आणि त्याने ती ओढून सरळ केली.

गृहस्थ किंचाळलेच. “अहो, काय चाललंय काय?”

“हलू नका हो जरा!” मामा खालूनच ओरडला.

मग ओळख पटली. हसून हसून दोघांची पुरेवाट झाली आणि दोघं गप्पा मारत बरोबरच परतले. घरी मामा शीळ घालत शिरला. मामीला वाटलं, ऊन लागलं.

दुसऱ्या दिवशी तो न सांगता उठून गेला. आता कुणाचा शर्ट खांद्यावर कसा बसलाय, कुणाचा कोट वळताना कसा वळतोय, हे बघत तो गावभर हिंडायचा. मामीने खोदून खोदून विचारलं, तर म्हणायचा, “अगं, छान वाटतं. भूकपण लागते.” इतके दिवस धाक घालून दमलेल्या त्या बाईने मग त्याच्या ताटात एक पोळी जास्त वाढली.

काही महिन्यांनी डॉक्टरांनी घोटे दाबून पाहिले. “सूज पार गेली. खुशाल शिवत बसा.”

मामीच्या डोळ्यांत पाणीच आलं. “सुटलात एकदाचे! आता उद्यापासून नाही गेलात तरी चालेल.”

मामाचा चेहरा खर्रकन उतरला. त्याने पाय पुन्हा डॉक्टरांपुढे केला.

“नीट बघा ना डॉक्टर,” तो काकुळतीने म्हणाला, “थोडीशी तरी राहिली असेल.”