वक्ररेषेबाहेरचा बिंदू

माधव नगरच्या घरात, मागच्या खोलीत बसून मी स्मार्ट कार्डं तपासायचे. प्रत्येक कार्डात एक गुप्त किल्ली, म्हणजे एक लांबलचक आकडा, असते आणि ती कधीच बाहेर पडता कामा नये. कार्डाला एक बिंदू, म्हणजे आकड्यांची एक जोडी, पाठवला, की तो ठरलेल्या वक्ररेषेवर आहे का हे त्याने आधी पाहायचं आणि नसेल तर नाकारायचं. एका कंपनीने तपासायला पाठवलेल्या, औषधं मिळण्यासाठीच्या नव्या कार्डाने काहीच नाकारलं नाही. मी मुद्दाम चुकीचे बिंदू पाठवत गेले आणि त्याच्या उत्तरांतून संध्याकाळपर्यंत अख्खी किल्ली माझ्या हाती आली. आता त्या कार्डाची हुबेहूब नक्कल करता येत होती.

मी त्या कंपनीला कळवलं. तिथल्या साहेबांचा फोन आला, "मॅडम, कार्ड छप चुके हैं. रिपोर्ट में गलती मामूली लिख दीजिए."

मी नाही म्हटलं. काम दुसऱ्या लॅबकडे गेलं आणि कार्ड पास झालं.

काही महिन्यांनी बाबा टावर चौकातून औषधं घेऊन आले. ते निवृत्त शिक्षक, हृदयाचे पेशंट. औषधांसाठी मिळालेलं नवं कार्ड त्यांनी मला कौतुकाने दाखवलं. मी ते रीडरमध्ये घातलं आणि चुकीचा बिंदू पाठवला. कार्डाने मुकाट्याने उत्तर दिलं.

"बाबा, हे वापरू नका. तुमच्या नावावर दुसरंच कोणी औषधं उचलेल."

"मग मला गोळ्या कशावर मिळणार, बेटा? जुनं तर नवं देतानाच त्यांनी जमा करून घेतलं."

मी कार्ड रीडरमधून काढून त्यांच्या हातात दिलं. बाबा अजून तेच कार्ड वापरतात.