मंदा शिगवणचा नवरा बर्फात मेला नाही

मंदा शिगवण भांड्यांवर नावं टाकते. भाईंदर पूर्वेला स्टीलच्या भांड्यांचे जितके कारखाने, तितकीच दुकानं. त्यांतल्या एका दुकानाच्या दारात, स्टुलावर बसून, दातांच्या डॉक्टरच्या यंत्रासारखं किरकिरणारं मशीन हातात धरून तिने आयुष्य काढलं. बारशाच्या वाट्या, लग्नातली ताटं, तेराव्याचे डबे. ‘यांच्या स्मरणार्थ’ हे शब्द तिच्या हाताला इतके पाठ झालेत की ते उमटवता उमटवता ती माझ्याशी मेथीच्या भावावर बोलते. स्वतःच्या नवऱ्याचं नाव मात्र तिने कधी कशावर टाकलं नव्हतं. म्हणायची, "लोकांची नावं टाकायची मजुरी मिळते, ताई. आपल्याला कोण देणार?"

ती माझ्या खालच्या मजल्यावर राहते. नवघरमधली आमची बिल्डिंग आता पडायला आली आहे आणि आम्ही दोघीही. पण ते असो.

मंदा मंडणगडच्या बाजूची. लग्न झालं तेव्हा एकोणीस वर्षांची होती. नवरा दशरथ मराठा पलटणीत शिपाई. संसार म्हणजे त्याच्या दोन सुट्ट्या. दुसऱ्या सुट्टीनंतर जीवन झाला. पोरगा सहा महिन्यांचा असताना, सत्त्याऐंशीच्या ऑक्टोबरात, दशरथ श्रीलंकेत मेला. आपलं सैन्य तेव्हा तिथे शांतता राखायला गेलं होतं. कुणाची शांतता आणि कुणापासून राखायची, हे पाठवणाऱ्यांना नीट ठाऊक होतं असं मला तरी वाटत नाही. ज्या तमिळांना वाचवायला गेलो त्यांच्यातल्याच बंडखोरांनी गोळ्या घातल्या, आणि दोनअडीच वर्षांनी उरलेले परत आले तेव्हा त्यांच्याकडे ढुंकून बघायला कुणाला सवड नव्हती. हजाराच्या वर माणसं गेली. मी तेव्हा रोज पेपर वाचत होते, कॉलेजात इतिहास शिकले होते, म्हणून एवढं माहीत. तुम्हाला माहीत नसेल तर त्यात नवल नाही.

दशरथचं दहन तिकडेच झालं. घरी आल्या त्या अस्थी. गावात लोक आले, बसले, आणि उठताना विचारते झाले, "पण तिकडे कशाला गेला होता?" जसा काही तो स्वतःच्या हौसेने तिकीट काढून गेला होता. वर्षाच्या आत सासऱ्यांनी दिराशी पाट लावायचं ठरवलं. तो दीर मंदापेक्षा चार वर्षांनी लहान आणि दिवसभर पत्ते कुटणारा. मंदाने पोर उचललं आणि भावाकडे, नाथाकडे, भाईंदरला आली. नाथा इथे भांड्यांच्या पॉलिशच्या कामाला होता. त्यानेच शेठला सांगून तिला मशीनवर बसवलं. सातवी पास बाई, अक्षर मोत्यासारखं. तेवढ्यावर तिने पोरगा शिकवला, त्याचं लग्न केलं, आणि सुनेशी पंधरा वर्षं न भांडता राहिली. हे शेवटचं सगळ्यांत कठीण.

सासर सुटलं तरी तिने एक गोष्ट सोडली नाही. पितृपक्षात ती दशरथचं पान सर्वपित्रीला ठेवत नाही. आदल्या दिवशी ठेवते, चतुर्दशीला. शस्त्राने मेलेल्यांची तिथी ती. घातचतुर्दशी. इथल्या भटजींनी तिला किती वेळा सांगितलं, "अहो, सगळे अमावास्येला एकत्रच करतात, तुम्हीही करा, सोपं पडतं." ती म्हणाली, "ते काय ताप येऊन गेले नाहीत." गच्चीवर पान घेऊन जायची. आमचे सेक्रेटरी जिन्यात उभे राहून ओरडायचे, "मंदाबेन, टेरेस पे कचरा नहीं करने का." ती म्हणायची, "कौवा खाएगा, आप टेंशन मत लो." आणि दुपारपर्यंत तिथेच सावलीला बसून राहायची.

तिला दशरथच्या मरणाबद्दल नेमकं एवढंच ठाऊक आहे, जेवढं पलटणीतल्या खंडूने सांगितलं. तो खेडचा. अठ्ठ्याऐंशीच्या उन्हाळ्यात सुट्टीवर आला आणि मुद्दाम वाट वाकडी करून तिला भेटला. जाफनाच्या बाहेर एका वस्तीतून ते चालले होते. लाल माती, कौलारू घरं, माड, ताड, अंगणात विहीर. दशरथ म्हणाला, "आयला, हे तर आपलंच गाव." आणि दोन घरांपुढे गोळी लागली. बस. मंदाने मला हे इतक्यांदा सांगितलंय की ती विहीर मी पाहिल्यासारखी झाली आहे. "मरताना त्यांना घर दिसलं," ती म्हणते. विधवेला सरकारने काय काय दिलं ते मला माहीत आहे. पण तिच्या हातात उरलेली वस्तू ही एकच.

आता गेल्या वर्षीची गोष्ट.

निवडणुका लागणार, लागणार असं चाललं होतं. आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक त्रिकोणी जागा आहे, तिथे पूर्वी कचराकुंडी होती. निकेत नावाचा एक होतकरू पुढारी, नवघरातल्याच जुन्या घरातला, त्याच्या मनात आलं की तिथे शहीद स्मारक करावं. काळा दगड, वर पितळी बंदूक, खाली नाव. कल्पना वाईट नव्हती, कुंडीपेक्षा बरी. अडचण एकच होती, शहीद पाहिजे होता. आणि वॉर्डात शोधाशोध झाली तेव्हा मंदाचा जीवन पुढे झाला. तो मीरा रोडला फ्लॅटच्या दलालीच्या धंद्यात आहे, निकेतच्या मागेपुढे असतो. आईला त्याने काही सांगितलं नाही.

मंदाला कळलं ते दुकानात. शेठने मोबाइल पुढे धरला. "मंदाबेन, मोटा ऑर्डर आया है. स्टील के डिब्बे, फंक्शन में बाँटने के. ये लिखना है सब पे. ये तो तुम्हारा ही आदमी छे ने?"

त्यावर लिहिलं होतं: कारगिल शहीद दशरथ शिगवण यांच्या स्मरणार्थ. खाली निकेतचं नाव, मोठ्या अक्षरात.

"शेठ, ये गलत है," मंदा म्हणाली.

"स्पेलिंग गलत है?"

"जागा गलत है."

"अरे, वो लोग जाने ना. तुम लिखो."

संध्याकाळी ती माझ्याकडे आली, आणि आम्ही दोघी निकेतच्या ऑफिसात गेलो. बाहेर बॅनर लागलेच होते. दशरथचा लग्नातला फोटो होता तो कापून कुठल्यातरी जवानाच्या गणवेशावर चिकटवलेला, आणि मागे बर्फाचे डोंगर. मंदा बॅनरपुढे उभी राहिली. "ह्यांना थंडी सोसत नव्हती," ती म्हणाली. "बेळगावलाही दोन स्वेटर घालायचे."

निकेत उठून उभा राहिला, पाया पडला. हे आजकाल सगळ्यांना छान जमतं.

"बसा मावशी. मॅडम, तुम्ही पण बसा. चहा सांग रे."

"चहा नको," मी म्हटलं. "हा माणूस सत्त्याऐंशी साली गेला. कारगिल नव्याण्णवला झालं. बारा वर्षं मेलेला माणूस लढायला गेला कसा?"

"मॅडम, वर्ष नाय टाकत आपण. फक्त नाव."

"आणि कारगिल."

"हां, ते टाकायला लागतं. लोकांना कळतं ना. श्रीलंका बोललो तर लोक बोलतील, तिकडे काय रावणाला मारायला गेलेला?" तो हसला, मग मंदाकडे बघून थांबला. "मावशी, राग मानू नका. मला पण माहीत नव्हतं. तिकडे आपण कोणाशी लढलो?"

"फोनवर शोध की," मी म्हटलं.

"शोधलं. लय लांबलचक हाय. आणि वाचलं तेवढ्यात कोणाची चूक तेच कळत नाय. वॉर्डात साउथवाले पण हायेत, उगाच कोणाला काय वाटायला नको. कारगिलमध्ये काय भानगडच नाय. सगळे एका बाजूला."

हा पोरगा मूर्ख नव्हता. तेच तर. त्याने दोन वाक्यांत ते सांगितलं जे सांगायला मोठमोठ्यांची जीभ रेटत नाही. मेलेल्यांमध्येही सोयीचे आणि गैरसोयीचे असतात.

मंदा म्हणाली, "मग नाव काढ. मला नको."

"मावशी, दगड कोरून झाला. सव्वीस जुलैला, कारगिल दिवसाला फंक्शन. मंत्री येतायत. आणि मी कुठं मनाने लिवलंय? तुमच्या जीवनदादानेच सांगितलं."

घरी त्या रात्री काय झालं ते मला ऐकू आलं, आमच्या बिल्डिंगीच्या भिंती तशाच आहेत. ऐकलं नसतं तरी जीवनने दुसऱ्या दिवशी येऊन मला सांगितलंच, बाजू मांडायला. शाळेत असल्यापासून तो हे सांगत आलाय. कारगिल चालू होतं तेव्हा तो सातवीत. त्याआधी पोरं चिडवायची, तुझा बाप श्रीलंकेत काय क्रिकेट खेळायला गेलेला? मग एकदा वर्गात बाईंनी विचारलं, कुणाच्या घरचं कुणी सैन्यात आहे का, आणि याने कारगिल म्हणून टाकलं. पूर्ण वर्ग उठून उभा राहिला. टाळ्या. "काकू, त्या दिवसापासून मला कोणी हात नाही लावला," तो म्हणाला. "ऑफिसात, सासुरवाडीला, सगळीकडे तेच माहीत आहे. खुद्द बायकोला, मिनलला, लग्नानंतर चार वर्षांनी कळलं. आता कुठे बदलू? बाबा देशासाठीच गेले ना? मग गावाच्या नावात काय ठेवलंय?"

हेच त्याने आईला विचारलं होतं. ती म्हणाली होती, "त्यांची राख तिथे केली. नावात तेवढंच ठेवलंय."

मला त्याचा राग यायला हवा होता. आलाही, पण अर्धाच. बारा वर्षांच्या पोराला खोटं बोलायला लावलं कुणी? खऱ्याला कुणी टाळ्या वाजवल्या असत्या तर तो खरं बोलला असता.

मंदाने डब्यांची ऑर्डर घेतली. मी म्हटलं, "करतेस काय? नाही म्हणून टाक." ती म्हणाली, "मी नाही म्हटलं तर शेठ दुसऱ्याला बसवेल. तो कारगिल लिहील." आणि तिने प्रत्येक डब्यावर ‘कारगिल शहीद’ गाळून लिहिलं: ‘जाफना, श्रीलंका येथे मरण पावलेले दशरथ शिगवण यांच्या स्मरणार्थ’. निकेतचं नाव खाली, जसं सांगितलं तसंच, मोठ्या अक्षरात. शेठला मराठी वाचता येतं, पण तो फक्त झाकणं बसतात का ते बघतो.

"पकडलं तर?" मी विचारलं.

"पकडू दे. पकडायला वाचावं लागतं."

सव्वीस जुलैला पाऊस नव्हता, मांडव भरला होता. मंदाला पहिल्या रांगेत बसवलं. सुनेने नेसवलेली नवी साडी, डोळे सुजलेले. मला वाटलं होतं ती जाणारच नाही. ती म्हणाली, "जाते. मोठ्या माणसाला तोंडावर सांगते." भाषणं झाली. बर्फ, शिखरं, उणे तापमान, सगळं झालं. मग वीरपत्नी म्हणून तिला वर बोलावलं. माइक काही तिच्यापर्यंत आला नाही. शाल घालताना मंत्री वाकले तेव्हा ती त्यांच्याशी बोलायला लागली. खालून मला तिचे ओठ हलताना दिसत होते. मंत्री मान डोलावत होते, "हो आई, हो आई," आणि बघत होते कॅमेऱ्याकडे. तो फोटो दुसऱ्या दिवशी सगळ्या ग्रुपवर फिरला. त्यात मंदाचं तोंड उघडं आहे, हात अर्धा वर, आणि शेजारचा माणूस छान हसतोय. खाली कुणीतरी लिहिलं होतं, ‘भावुक क्षण’.

डबे वाटले. घराघरांत गेले. मी मुद्दाम आठवडाभर कान टवकारून होते. कुणीतरी म्हणेल, अहो, यावर वेगळंच लिहिलंय. कुणी म्हणालं नाही. निकेतही नाही. समोरच्या शालूताईंनी त्यात बेसन भरलंय. मी त्यांना डबा फिरवून दाखवला, वाचा म्हटलं. त्यांनी वाचलं. "बरा आहे हो, झाकण घट्ट बसतं," म्हणाल्या.

इथपर्यंत मंदा हसत होती. कडू का होईना, हसत होती. "झालं ना ताई, मी माझं काम केलं," म्हणायची. ते हसू मोडलं सान्वीने. सान्वी म्हणजे जीवनची मुलगी, चौथीत. आजीच्या कुशीत वाढलेली. विहिरीची, ताडांची, ‘हे तर आपलंच गाव’ची गोष्ट तिला मंदाने कितीदा सांगितली होती, झोपवताना. मंदाचा हिशेब साधा होता: आपण गेल्यावर एका माणसाला खरं माहीत असलं की पुरे.

पंधरा ऑगस्टला शाळेत भाषण होतं. विषय ‘आमच्या विभागातील वीर’. सान्वीचा पहिला नंबर आला. आजीला हौसेने पुन्हा म्हणून दाखवायला ती माझ्याच घरी आली, कारण मंदा तेव्हा माझ्याकडे शेंगा सोलत बसली होती. हात मागे बांधून, मान उंच करून: "माझे आजोबा कारगिलच्या बर्फाळ शिखरावर शत्रूशी लढता लढता..."

मंदाने संपेपर्यंत ऐकलं. मग तिला जवळ ओढून म्हणाली, "आणि ती विहीर? लाल माती?"

"ती गोष्ट आहे ना, आजी."

"गोष्ट नाही. तसंच झालं."

सान्वीने माझ्याकडे बघितलं, मोठी माणसं म्हाताऱ्यांबद्दल एकमेकांकडे बघतात तसं. मग आजीच्या गालावर हात ठेवून अगदी प्रेमाने म्हणाली, "आजी, बाई आम्हाला स्मारकावर घेऊन गेल्या होत्या. तिथे लिहिलंय. पप्पांना पण माहीत आहे. तुलाच नीट आठवत नसेल."

मी तोंड उघडलं होतं. मंदाने हाताने मला थांबवलं.

"बस इथे," ती म्हणाली. "पहिल्यापासून सांगते."

"आता नको ना, आजी. माझा डान्स क्लास आहे."

"मग उद्या."

"उद्या ट्यूशन," पोरगी म्हणाली, आणि चपला घालून गेली.