तोफेने नेलेले कान

मुर्ध्याच्या खाडीपासून उत्तनच्या समुद्रापर्यंत सगळं पालथं घातलंत, तरी आमच्या वरच्या मजल्यावरच्या सुभेदारकाकांइतका रुबाबदार बहिरा माणूस तुम्हाला सापडणार नाही. उमेदीची सगळी वर्षं तोफखान्यात गेली. ते काकूंच्या कानात कुजबुजले की तिकडे उत्तनशेजारच्या पालीतले कोळी वादळ आलं समजून होड्या किनाऱ्याला लावतात, असं मी गेली कित्येक वर्षं सांगतोय आणि अजून कोणी खोडून काढलेलं नाही. फटाक्याची वात पेटली की काका तोंडाचा मोठा आ करतात. तोफ उडताना कानाच्या पडद्याला दणका कमी बसावा म्हणून गोलंदाज असंच करतात म्हणे. त्यांचं बघून दिवाळीत आमची अख्खी सोसायटी, गुजराती सेक्रेटरीसकट, आ वासून उभी असते.

बहिरेपण मात्र ते चारचौघांत कबूल करायचे नाहीत. समोरच्याचे ओठ वाचून असं चोख उत्तर द्यायचे की पाहुण्याला शंका येऊ नये. हीच हुशारी नडली. कानांसाठी अपंगत्व पेन्शनचा अर्ज केला, आणि लष्करी डॉक्टरांच्या बोर्डासमोर तपासणी झाली. मशीनचा आवाज ऐकू आला की हात वर करायचा होता, पण बटण दाबणाऱ्याची भुवई हलली की यांचा हात वर. शेरा आला, थोडं कमी ऐकू येतं, ते वयामुळे. काका खवळले. "पेन्शन गेली खड्ड्यात. पण माझे कान म्हातारपणाने नेले म्हणतात? तोफेने नेलेत ते."

अपील झालं. दुसऱ्या बोर्डाला मी सोबत निघालो. काकूंनी दारातच बजावलं, "अहो, आज तरी सगळं ऐकू आल्यासारखं करू नका."

"साहेबाने विचारायचं आणि जवानाने गप्प बसायचं? जमायचं नाही," काका म्हणाले. हे खालच्या रिक्षावाल्यांनीही ऐकलं.

या वेळचे कर्नल डॉक्टर बेरकी निघाले. त्यांनी काकांना भिंतीकडे तोंड करून बसवलं आणि मागून खणखणीत हुकूम सोडला, "सावधान." मी दचकून उभा राहिलो, दारातला शिपाई ताठ झाला. टीव्हीवर परेड लागली तरी सोफ्यावरून उठणारे आमचे काका भिंतीवरचं कॅलेंडर बघत बसून राहिले.

मग त्यांनी वळून आमचे चेहरे पाहिले. त्या दिवशी पहिल्यांदाच त्यांचा आवाज खरोखर हळू झाला. "साहब, हुकम छूट गया क्या?"

"नहीं सुभेदार साहब, हमारी आवाज छोटी पड गयी," कर्नल म्हणाले आणि त्यांनी शेरा लिहिला, ऐकू येत नाही, ते लष्करी सेवेमुळे.

मंजुरी आली त्या संध्याकाळी काका गॅलरीत छाती काढून बसले होते आणि येणाऱ्याजाणाऱ्याला "तोफेनेच नेलेत" म्हणून सांगत होते. आत काकू भाजी चिरता चिरता गुणगुणत होत्या. माझी मान तिकडे वळलेली काकांनी पाहिली.

"ही गातेय का?"

मी मान हलवली. काका उठले, खुर्ची उचलून स्वयंपाकघरात नेली, बरोबर काकूंच्या समोर मांडली आणि त्यांच्या ओठांकडे बघत बसून राहिले.